झेडरॅम, झेडस्वॅप की साधी स्वॅप फाइल? ४ ते ८ जीबी रॅमच्या लिनक्स लॅपटॉपसाठी

रॅम भरत आली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बराच वेळ हात न लागलेली पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) बाहेर काढतं. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक पेज ४ केबीचं. ती पेजेस ठेवायची कुठे (या जागेला स्वॅप म्हणतात), यावर लॅपटॉप चालतो की अडकतो हे ठरतं.

साधी स्वॅप फाइल ती जशीच्या तशी डिस्कवर लिहिते. एसएसडीवरून एक पेज परत यायला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, फिरत्या हार्डडिस्कवरून ५ ते १० मिलिसेकंद. म्हणूनच जुन्या हार्डडिस्कवर स्वॅप सुरू झाला की माउससुद्धा हलेनासा होतो. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (vmstat 1) लावून ‘एसआय’ (si, स्वॅपमधून आत) आणि ‘एसओ’ (so, स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने बघा. दोन्हींत सतत मोठे आकडे असतील तर पेजेस नुसती आत-बाहेर होताहेत. ‘एसओ’ थोडा वेळ वाढून थांबला तर काळजी नको.

झेडरॅम पेजेस कॉम्प्रेस करून रॅममध्येच ठेवतं; फेडोरा या लिनक्समध्ये २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून हेच डीफॉल्ट आहे. समजा ‘झेडरॅमसीटीएल’ (zramctl) या कमांडमध्ये ‘डेटा’ (मूळ आकार) २.१ जीबी आणि ‘टोटल’ (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) ०.७ जीबी दिसलं, तर १.४ जीबी सुटली. मात्र आधीच कॉम्प्रेस झालेला किंवा एन्क्रिप्टेड डेटा जवळपास पूर्ण जागा खातो. आणि यावर हायबरनेट (रॅममधलं सगळं स्वॅपमध्ये लिहून लॅपटॉप पूर्ण बंद करणं) होत नाही, कारण वीज गेली की रॅम कोरी.

खरी गडबड होते ती झेडरॅमच्या मागे कमी प्रायॉरिटीची, म्हणजे झेडरॅम भरल्यावरच वापरली जाणारी डिस्क स्वॅप जोडल्यावर. आधी बाहेर पडलेली, म्हणजे सगळ्यात थंड पेजेस झेडरॅम अडवून बसतात आणि नंतरची, जास्त लागणारी पेजेस डिस्कवर जातात. हवं त्याच्या नेमकं उलट. झेडस्वॅप हे टाळतं: त्याचा रॅममधला कॉम्प्रेस केलेला साठा भरला (डीफॉल्ट मर्यादा रॅमच्या २० टक्के) की सगळ्यात जुनी पेजेस तिथून डिस्कवर ढकलली जातात. अर्थात मागे खरी स्वॅप हवीच.

हायबरनेट नको असेल तर ४-८ जीबीला झेडरॅमच घ्या, रॅमच्या निम्म्या आकाराचं. स्वॅपिनेस (कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळतं याचा आकडा) ६० वरून १०० च्या पुढे न्या (कर्नल ५.८ पासून २०० पर्यंत चालतं) आणि ‘पेज-क्लस्टर’ (स्वॅपमधून एकदम किती पेजेस वाचायची; ३ म्हणजे दोनाचा तिसरा घात, आठ) ३ वरून ० करा; शेजारची आठ पेजेस एकदम वाचण्याचा फायदा डिस्कला, इथे तो वाया जातो. झेडस्वॅप आधीच चालू असेल तर बंद करा, नाहीतर तीच पेजेस दोनदा कॉम्प्रेस होतील.

हायबरनेट हवं आणि एसएसडी असेल तर झेडस्वॅप आणि निदान रॅमएवढी स्वॅप फाइल. फाइलची परवानगी ६०० ठेवा, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येईल. डिस्कवर बीटीआरएफएस (Btrfs) ही फाइल सिस्टिम असेल तर ती फाइल रिकामी असतानाच कॉपी-ऑन-राइट (बदललेला डेटा जागच्या जागी न लिहिता नव्या जागी लिहिणं) बंद करा. नंतर केलं तर स्वॅप चालू करणारी ‘स्वॅपऑन’ (swapon) कमांड ती घेणार नाही.