खबर द्यायची, पुडी घ्यायची की तक्रार?

कोपरखैरण्याच्या एका मित्राचा प्रश्न. बिल्डिंगमागच्या गल्लीत एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) पुड्या मिळतात, विकणारा पोरगा तोंडओळखीचा. पोलिसांना कळवायचंय. एका हवालदाराने सुचवलं, "तूच एकदा पुडी घे, बाकी आम्ही बघतो."

नुसती खबर देणं त्यातल्या त्यात बिनघोर. 1933 या अमली पदार्थांविरोधातल्या सरकारी मानस हेल्पलाइनवर फोन करा किंवा अधिकाऱ्याला गाठा. बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही (साक्ष्य अधिनियम, कलम 131). कागदोपत्री तुम्ही फक्त 'खात्रीलायक बातमीदार'. गोम अशी, की मुळात बातमीदारच नसला तरी पोलिसांचं याच दोन शब्दांवर भागतं.

नेहमीचा खबरी होणं मात्र वेगळं. तो स्वतः चार पुड्या विकतो म्हणून त्याला बातमी लागते, आणि बातमी देतो म्हणून त्याच्या पुड्या कुणाला दिसत नाहीत. हप्ताच तो, नोटांऐवजी नावांत दिलेला. बातमी आटली की कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं.

हवालदार सांगतोय ते पंटरचं, म्हणजे पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाचं काम. लाचेच्या सापळ्यात ते रीतसर चालतं: लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 वर तक्रार, नोटांचे नंबर पंचनाम्यात, नोटांना पावडर, लाच घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी. आधी कळवून लाच देणाऱ्याला 2018 च्या दुरुस्तीने संरक्षणही आहे. एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, खरेदी हाच गुन्हा. पंच नाहीत, कागद नाही, तर हवालदाराचा तोंडी शब्द कोर्टात कोण ऐकणार? शिवाय आडमार्ग आरोपीच्याच पथ्यावर पडतो. अंगझडतीआधी कलम 50 चा (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायला लावण्याचा) हक्क सांगितला नाही तर सापडलेला माल आरोपीच्या ताब्यात होता हे त्या झडतीवरून सिद्ध करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच बलदेव सिंग खटल्यात स्पष्ट केलंय.

नावानिशी तक्रार सगळ्यात सरळ आणि सगळ्यात जड. लखनभैया या कथित गुंडाला पोलिसांनी 2006 मध्ये वाशीतून उचलून बनावट चकमकीत मारलं. त्याच्यासोबत उचललेला मित्र साक्षीच्या तोंडावर 2011 मध्ये बेपत्ता झाला, नंतर मृतदेहच मिळाला. आता 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो. तरी भीती खोटी म्हणवत नाही.

मी मित्राला म्हटलं, 1933 वर फोन कर, पुडीला हात लावू नकोस. हवालदाराला काय सांगायचं, यावर आमचं अजून एकमत नाही.