कॉलेज फुटबॉल २५: बॅकअप क्वार्टरबॅक तयार आहे की नाही हे या गेममधून कळतं का?

ज्यांना फक्त गेम कसा आहे एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधी पटकन सांगतो. ईए स्पोर्ट्सचा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा हा व्हिडिओ गेम जुलै २०२४ मध्ये आला, २०१३ च्या आधीच्या गेमनंतर थेट अकरा वर्षांनी. वरच्या डिव्हिजनच्या तेव्हाच्या सगळ्या १३४ टीम आहेत, साध्या एडिशनची किंमत आला तेव्हा ७० डॉलर होती, आणि चालतो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजवर, पीसीवर नाही, तेव्हा भारतातून मागवणाऱ्यांनी आधी ते बघा. स्टेडियम, बँड, प्रेक्षकांचा गोंगाट, सगळं जबरदस्त आहे. पैसे वसूल.

आता मला खरं ज्यावर लिहायचंय ते. मी ऑस्टिनमध्ये राहतो, टेक्सास लाँगहॉर्न्सच्या, म्हणजे इथल्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमच्या, मॅच मनापासून बघतो, आणि आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर सप्टेंबर लागला की एकच वाद सुरू होतो, बॅकअपला खेळवा की नको. ज्यांना अमेरिकन फुटबॉल फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी, क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक प्लेला, म्हणजे प्रत्येक चालीला, बॉल येतो आणि पास द्यायचा, पळायचं की बॉल बाहेर फेकून द्यायचा हे जो दोन-तीन सेकंदात ठरवतो तो. टीममध्ये तीन-चार असतात, खेळतो एकच, तो स्टार्टर, बाकीचे बॅकअप कडेला टोपी घालून उभे. तर हा उभा असलेला पोरगा मैदानात उतरायला तयार आहे का हे ओळखायचं कसं, आणि सत्तर डॉलरचा हा गेम त्यात काही मदत करतो का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि मी हा गेम मुख्यतः त्या नजरेनेच खेळलोय.

पहिली तक्रार रेटिंगची, म्हणजे गेम प्रत्येक खेळाडूला जो गुणांचा आकडा देतो त्याची. टेक्सासचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, म्हणजे पेटन आणि इलाय मॅनिंग या गाजलेल्या क्वार्टरबॅक भावांचा पुतण्या, सुरुवातीला गेममध्ये नव्हताच, नंतर त्याने गेममध्ये यायला होकार दिला आणि त्याला रेटिंग मिळालं ८७. त्याच्या आधीच्या अख्ख्या सीझनमध्ये, २०२३ मध्ये, या पोराने कॉलेजच्या मॅचमध्ये एकूण पास टाकले होते ५, त्यातले पूर्ण झाले, म्हणजे आपल्याच खेळाडूने झेलले, २, मिळवलेले यार्ड ३०. पाच पासवर ८७! त्याच्या हातात ताकद आहे, पळतो छान, घराण्याचं नाव आहे, हायस्कूलमध्ये तो देशातला सगळ्यात गाजलेला क्वार्टरबॅक होता, हे सगळं मान्य, पण ८७ हा आकडा तो किती चांगला होऊ शकेल हे सांगतो, या शनिवारी त्याला उतरवावं का हे सांगत नाही, आणि गेम या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबतो. म्हणून नुसती रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, उघडून ‘अरे याचं रेटिंग बघ, हाच खेळायला पाहिजे’ असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

पण जिथे गेमने कमाल केलीय ते सांगायलाच हवं. दुसऱ्याच्या मैदानावर, गोंगाट वाढला की, तुमचा क्वार्टरबॅक नवखा असेल तर प्ले दाखवणाऱ्या रेषा वाकड्यातिकड्या होतात. म्हणजे पास झेलणारा कोणता रिसीव्हर कुठे पळणार ते दाखवणारी रेष थरथरायला लागते, कधी कधी चक्क चुकीची दिसते, आणि स्क्रीन हलायला लागते. कॉलेज स्टेशनचं काइल फील्ड, टेक्सास ए अँड एमचं, ईएने खेळायला सगळ्यात अवघड मैदान म्हणून यादीत पहिल्या नंबरवर ठेवलंय, तिथे नवखा क्वार्टरबॅक घेऊन एकदा खेळून बघाच. थर्ड अँड नाइन, म्हणजे तिसरा प्रयत्न आणि नऊ यार्ड हवेत. मी रेषा बघायला बटण दाबलं तर उजवीकडच्या रिसीव्हरची रेष आत वळताना दिसतेय की बाहेर तेच कळेना, प्ले क्लॉकचे, म्हणजे प्ले सुरू करायला उरलेल्या सेकंदांचे, आकडे खाली येतायत, समोरचा एक लाइनबॅकर, म्हणजे डिफेन्सचा मधल्या फळीचा खेळाडू, पुढे आला, परत मागे गेला, तो ब्लिट्झ करणार, म्हणजे थेट क्वार्टरबॅकवर धावून येणार, की नाही याचा अंदाज घ्यावा तर स्क्रीन हलतेय. शेवटी घाईघाईत स्नॅप घेतला, म्हणजे बॉल हातात घेऊन प्ले सुरू केला, आणि तो लाइनबॅकर नाही तर त्याच्या पलीकडचा सेफ्टी, म्हणजे डिफेन्सचा सगळ्यात मागचा खेळाडू, सुसाट आत आला. सॅक, म्हणजे पास टाकायच्या आतच क्वार्टरबॅकला पाडलं. हे जे काही सेकंद असतात ना स्नॅपच्या आधीचे, बॅकअपची खरी परीक्षा तिथे असते, आणि टीव्हीवर मॅच बघताना आपलं तिकडे लक्षच नसतं कारण कॅमेरा कोचच्या चेहऱ्यावर असतो किंवा रिप्ले चालू असतो. गेमने ते आपल्याला आतून दाखवलं. २०२४ पासून कॉलेजमध्ये कोच क्वार्टरबॅकशी हेल्मेटमधल्या रेडिओवरून बोलू शकतो, पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, त्यानंतर जे काही बघायचं, ओळखायचं, बदलायचं ते त्या वीस वर्षांच्या पोराने एकट्याने. हा गेम खेळल्यापासून मी मॅचमध्ये त्या पंधरा सेकंदात क्वार्टरबॅककडेच बघतो. तो हाताने कुणाला जागा बदलायला सांगतोय का, रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, ब्लॉक कुणाला करायचं ते दाखवतोय का, की नुसता टाळ्या वाजवून बॉल मागतोय.

आता रोड टू ग्लोरी मोडबद्दल, कारण बॅकअपची गोष्ट खरी तिथेच आहे. तुम्ही एकच खेळाडू घेता, कमी स्टारवाला घेतला तर बेंचवरून सुरुवात, दर आठवड्याला प्रॅक्टिस, अभ्यास, तब्येत यात ताकद वाटायची, आणि कोच ट्रस्ट नावाचं एक मीटर भरत न्यायचं. ते पुरेसं भरलं की स्टार्टरला आव्हान देता येतं. कल्पना छान आहे आणि सुरुवातीला मजाही येते, पण इथे गेम खऱ्या फुटबॉलपासून लांब जातो. प्रॅक्टिसमध्ये पॉइंट मिळवले की विश्वास वाढला, एवढं सरळ ते नसतं. नेटमध्ये तासभर सुरेख कव्हर ड्राइव्ह मारणारा पोरगा पहिल्या कसोटीच्या पहिल्या सेशनला काय करेल हे जसं नेट सांगू शकत नाही, तसंच हे. प्रॅक्टिसमध्ये क्वार्टरबॅकला कुणी पाडत नाही, त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला हात लावायचा नाही असा नियमच असतो. मग अंगावर माणूस येताना डोळे रिसीव्हरवर राहतात की खाली जातात हे कळणार कुठून?

उलटंही होतं, प्रॅक्टिसवरून ज्याच्याकडून फार अपेक्षा नसते तो मॅचमध्ये वेगळाच निघतो. ओहायो स्टेटचा कार्डेल जोन्स २०१४ मध्ये तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक होता. ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीमुळे सीझनच्या आधीच बाहेर गेला, जे. टी. बॅरेटचा घोटा मिशिगनच्या मॅचमध्ये मोडला, आणि जोन्सची कॉलेजमधली पहिली स्टार्ट, म्हणजे सुरुवातीपासून खेळलेली मॅच, थेट बिग टेन या लीगच्या फायनलला, विस्कॉन्सिनविरुद्ध. ५९-०. मग अलाबामाला ४२-३५, मग ओरेगॉनला ४२-२० आणि नॅशनल चॅम्पियनशिप. तीन स्टार्ट, तीन मोठे विजय. आणि पुढच्याच सीझनला सुरुवात त्याने केली खरी पण मध्येच जागा परत बॅरेटकडे गेली. म्हणजे तीन मॅचसाठी तयार असणं आणि अख्ख्या सीझनसाठी तयार असणं यात फरक आहे, समोरच्या डिफेन्सला तुझा व्हिडिओ मिळाला की तू काय करतोस हा पुढचा पेपर असतो. गेममध्ये हे अजिबात नाही. एकदा मीटर भरलं की भरलं, सहाव्या आठवड्यात समोरचा कोच तुमच्या सवयी ओळखून वेगळं काही करतोय असं मला कुठे जाणवलं नाही.

मॅनिंगचंच उदाहरण घ्या, आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. सप्टेंबर २०२४, यूटीएसए या सॅन अँटोनियोच्या टीमविरुद्ध आमचा स्टार्टर क्विन यूअर्सच्या पोटाच्या स्नायूला दुखापत झाली, मॅनिंग आला, पहिलाच पास टचडाऊन, म्हणजे बॉल थेट समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात, नंतर एकदा ६७ यार्ड पळत जाऊन टचडाऊन, एकूण १२ पैकी ९ पास, २२३ यार्ड, ४ टचडाऊन पास, मॅच ५६-७. त्या रात्री ग्रुपवर सगळे म्हणाले झालं, आता यूअर्सची गरज नाही. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की पुढची मॅच बघा, कारण यूटीएसएने तयारी केली होती यूअर्ससाठी. पुढच्या आठवड्यात लुइझियाना-मनरोविरुद्ध पहिली स्टार्ट, टेक्सास ५१-३ जिंकलं, पण त्याचे २९ पैकी १५ पास आणि २ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी झेललेले पास. स्कोअर बघून कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मला मात्र त्या मॅचमधून जास्त कळलं, की हात तयार आहे, घाई अजून गेलेली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध ३१ पैकी २६, ३२५ यार्ड, एकही इंटरसेप्शन नाही, ३५-१३. ही मॅच बघून मी म्हणालो की पोरगा शिकतोय, नुसता फेकत नाहीये. तरी कोच सार्किझियनने ओक्लाहोमाच्या मॅचला यूअर्सलाच परत आणलं, जॉर्जियाविरुद्ध मध्येच मॅनिंगला दोन सिरीज, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या दोन पाळ्या, दिल्या आणि पुन्हा यूअर्सला आणलं, मॅच हरली ३०-१५. खूप शिव्या बसल्या त्याला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. आणि २०२५ ला मॅनिंग पूर्ण वेळ स्टार्टर झाला तेव्हा पहिलीच मॅच कोलंबसला, ओहायो स्टेटच्या मैदानावर, टेक्सास देशात पहिल्या नंबरवर, ३० पैकी १७ पास, १७० यार्ड, १४-७ हार. समोरचा डिफेन्स काय करणार हे स्नॅपपर्यंत लपवून ठेवत होता आणि मॅनिंगला ते ओळखायला वेळ लागत होता. गेममधल्या थरथरणाऱ्या रेषा मला त्या दुपारी सारख्या आठवत होत्या.

गेममध्ये अजून एक गोष्ट हातातून निसटते ती म्हणजे कॅमेरा. गेममध्ये आपण क्वार्टरबॅकच्या मागून, वरून बघतो, पाचही रिसीव्हर दिसतायत, प्रत्येकाच्या डोक्यावर बटणाचं चिन्ह. खरा क्वार्टरबॅक जमिनीवर उभा असतो, समोर साडेसहा फुटी, दीडशे किलोच्या आसपासची माणसं एकमेकांना ढकलतायत, त्यांच्या फटीतून त्याला मैदान बघायचंय. पहिला रिसीव्हर मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांबरोबर पायही तिकडे वळले पाहिजेत नाहीतर बॉल मागे किंवा उंच जातो. बॅकअपमध्ये मी सगळ्यात आधी हेच बघतो, पाय. घाबरलेल्या क्वार्टरबॅकचे पाय आधी बोलतात, हात नंतर. गेममध्ये पाय गेमच सांभाळतो, तुम्ही फक्त बटण किती वेळ दाबलं आणि कधी सोडलं एवढंच. म्हणून गेममध्ये कुणालाही स्टार्ट देऊन जिंकता येतं आणि त्यावरून मत बनवणं धोक्याचं आहे.

गेममधली कम्पोजरची, म्हणजे डोकं शांत राहण्याची, सिस्टीम मात्र आवडली. वाईट प्ले झाला की क्वार्टरबॅक ढासळतो, चांगले झाले की सावरतो. पण खरी माणसं इतकी ठरल्यासारखी वागत नाहीत. जानेवारी २०१८ ची नॅशनल चॅम्पियनशिप, अलाबामा हाफटाइमला जॉर्जियाच्या १३-० मागे, कोच निक सेबनने दोन वर्षांचा स्टार्टर जेलन हर्ट्सला बसवून तुआ टागोवायलोआ नावाच्या पहिल्या वर्षाच्या पोराला आणलं. त्याने एक इंटरसेप्शनही दिलं. ओव्हरटाइममध्ये पहिल्याच प्लेला १६ यार्ड मागे सॅक झाला, जो सॅक व्हायलाच नको होता, बॉल फेकून द्यायला हवा होता. सेकंड अँड २६. आणि पुढच्याच प्लेला डेव्होंटा स्मिथला ४१ यार्डांचा टचडाऊन, २६-२३, मॅच खल्लास. तो पास मी पुन्हा पुन्हा बघितलाय, आधी सेफ्टीकडे बघून त्याला मधे अडकवतो आणि मग डावीकडे वळतो. भयंकर चुकीनंतरच्या प्लेला डोळे इतके शांत, मला बॅकअपमध्ये हवंय ते हे. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तुआ जखमी झाल्यावर बाकावरून उठून हर्ट्सने त्याच जॉर्जियाविरुद्ध मॅच फिरवली, ३५-२८. तो टीम सोडून गेला नव्हता म्हणून.

डायनॅस्टी मोडमध्ये, जिथे तुम्ही कोच होऊन टीम चालवता, हा टीम सोडून जायचा भाग आहे आणि चांगला आहे. खेळायला मिळालं नाही की खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, जातो. टेक्सासचा मालिक मर्फी, २०२३ मध्ये यूअर्स जखमी असताना दोन मॅच स्टार्ट केल्या, दोन्ही जिंकल्या, आणि सीझन संपायच्या आधीच ड्यूकला निघून गेला. म्हणूनच मॅनिंग दुसऱ्या नंबरवर आला. कोचला बॅकअप तयार आहे का एवढंच बघून चालत नाही, तो अजून किती दिवस थांबेल हेही बघावं लागतं, आणि हे कोडं गेममध्ये खरोखर सोडवावं लागतं.

तर घ्यायचा का? २५ आता सेलमध्ये किंवा जुना मिळाला तर जरूर घ्या. जुलै २०२५ मध्ये २६ आलाय, त्यात रोड टू ग्लोरीमध्ये हायस्कूलपासून सुरुवात करता येते, नवीनच घ्यायचा असेल तर तोच घ्या. डिफिकल्टी ऑल-अमेरिकन या लेव्हलच्या खाली ठेवू नका, नाहीतर डिफेन्स काही लपवतच नाही. डेप्थ चार्ट, म्हणजे कोण पहिला आणि कोण दुसरा ही यादी, ऑटोवर सोडू नका, स्वतः लावा. आणि पहिली मॅच दुसऱ्याच्या मैदानावर, मोठ्या स्टेडियममध्ये, बॅकअपला घेऊन खेळा, पास टाकायची घाई नको, स्नॅपच्या आधी काय काय बघावं लागतं तेवढंच बघा, आणि मग शनिवारची खरी मॅच लावा.