यूब्लॉक ओरिजिन लाइट, आठ महिने: जाहिराती थांबल्या, पण खोट्या व्हायरसची चौकट दुसऱ्याच दारातून येते

यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं फुकट एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं साधन; ‘लाइट’ ही त्याची क्रोमच्या नव्या नियमांत बसणारी हलकी आवृत्ती. क्रोमच्या १३९व्या आवृत्तीत मूळ यूब्लॉक ओरिजिन चालू ठेवण्याची शेवटची अधिकृत पळवाटही बंद झाली. क्रोम सोडायचं नसेल तर ‘लाइट’वर यावंच लागतं. ते नवे नियम म्हणजे मॅनिफेस्ट व्ही३; त्याबद्दल इथे अधिक सांगत नाही. आठ महिन्यांच्या वापरानंतर एवढं लिहिण्याचं कारण एकच आहे. ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’, ‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत आज संपली’ अशा खोट्या चौकटींपासून हे एक्सटेन्शन किती वाचवतं आणि कुठे कमी पडतं, ते नीट कुठे मांडलेलं दिसत नाही. वापर विंडोज ११वर, क्रोम आणि एज दोन्हीत; शिवाय अँड्रॉइड फोन. खर्च शून्य. या कामासाठी घरगुती वापरात एक रुपयाही जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि खालचं सगळं त्याच मतातून लिहिलेलं आहे.

स्टोअरमधून घेताना नाव पूर्ण वाचा: ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’, बनवणारा रेमंड हिल. नुसतं ‘यूब्लॉक’ हे वेगळं उत्पादन आहे. शोधनिकालात सगळ्यात वर ‘प्रायोजित’ म्हणून येणाऱ्या दुव्यावरून तर काहीच उतरवू नका. एफबीआयने डिसेंबर २०२२मध्ये शोधनिकालांतल्या जाहिरातींमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल इशारा दिला, तेव्हा जाहिरात अडवणारं एक्सटेन्शन वापरा, असा सल्लाही त्यात होता. म्हणजे हे सुरक्षेचंच साधन आहे.

बसवल्यावर पहिलं काम मोड तपासण्याचं. ‘बेसिक’ मोड फक्त बाहेरच्या सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्या अडवतो. ‘ऑप्टिमल’ आणि ‘कम्प्लीट’ मोड पानाच्या आत शिरून स्क्रिप्टही (पानात चालणारे छोटे कार्यक्रम) निष्प्रभ करतात, म्हणून त्यांना सगळ्या साइटवरचा मजकूर वाचण्या-बदलण्याची परवानगी लागते. ती बघून अनेकजण बिचकतात आणि बेसिकवरच थांबतात. तिथेच गाडी अडते. ‘डाउनलोड’वर टिचकी मारली की मागे गुपचूप दुसरी टॅब उघडणारी स्क्रिप्ट बऱ्याचदा त्याच साइटच्या पानात मिसळलेली असते, आणि ती बेसिकला दिसत नाही. किमान ऑप्टिमल ठेवा. एखाद्या बँकेचं पान मोडलं तर तेवढ्या साइटपुरता मोड खाली आणता येतो.

एवढं केल्यावर मराठी बातम्यांच्या साइट, नोकरभरतीच्या पीडीएफ देणारी पानं, निकालाच्या दिवशी उगवणाऱ्या साइट, जुने फाँट उतरवायची पानं या सगळ्यांवरच्या खोट्या ‘डाउनलोड’ बटणांपैकी बहुतेक गायब होतात. पान हलकं होतं, लवकर उघडतं. याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीबद्दल. हा लेख अर्धाअधिक तिच्यावरच आहे, कारण ‘लॅपटॉपला व्हायरस लागलाय’ अशी जी घरगुती ओरड असते तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच चौकट असते. पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, नामांकित अँटिव्हायरसचं बोधचिन्ह घेऊन, लाल अक्षरांत ती येते. ब्राउझर बंद दिसत असतानाही येते. ही जाहिरात नाही आणि व्हायरसही नाही. ते ब्राउझरचं पुश नोटिफिकेशन आहे. कधीतरी कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असतं आणि कोणीतरी ते दाबलेलं असतं. त्या एका टिचकीने त्या साइटला कायमची परवानगी मिळते. मग ब्राउझरच्या आतला सर्व्हिस वर्कर नावाचा छोटा कार्यक्रम, साइट उघडी नसतानाही, तिकडून आलेला मजकूर चौकटीत दाखवत राहतो.

आता अडचण बघा. परवानगी विचारणारी ती खिडकी ब्राउझर स्वतः काढतो. ती पानाचा भाग नसते, म्हणून लाइटच काय, मूळ यूब्लॉक ओरिजिनही ती थेट अडवू शकत नाही; फार तर ती मागवणारी पानातली स्क्रिप्ट अडवू शकतं. अँटिव्हायरसलाही काही सापडत नाही, कारण डिस्कवर संशयास्पद फाइलच नसते; असते ती फक्त ब्राउझरच्या सेटिंगमधली एक नोंद. पूर्ण स्कॅन होतो, ‘० धोके’ असा निकाल येतो आणि चौकट पाच मिनिटांनी पुन्हा हजर. माणूस म्हणतो, आपला अँटिव्हायरस कुचकामी, दुसरा विकत घेऊ. फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. यातल्या कित्येक चौकटी दाबल्यावर खऱ्याच अँटिव्हायरसच्या खरेदीच्या पानावर नेतात, कारण प्रत्येक विक्रीमागे पाठवणाऱ्याला दलाली मिळते. उरलेल्या खोट्या स्कॅनवर किंवा फोन नंबरवर नेतात.

खरी सूचना कोणती आणि खोटी कोणती, हे ओळखायला चौकटीतला मोठा मजकूर वाचू नका, बारीक अक्षरं वाचा. खऱ्या सूचनेवर ‘विंडोज सिक्युरिटी’ किंवा तुम्ही बसवलेल्या अँटिव्हायरसचं नाव असतं. खोटीवर ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असं लिहिलेलं असतं आणि जवळच एखाद्या अनोळखी साइटचा पत्ता. पत्ता दिसला की विषय संपला.

उपाय दोन मिनिटांचा आहे. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. वरचा पर्याय असा निवडा की कोणत्याच साइटला नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा विचारता येणार नाही. इथे थांबलात तर चौकट येतच राहील, कारण हा पर्याय पुढच्यांना अडवतो, आधी दिलेल्या परवानग्या तशाच राहतात. म्हणून खाली जाऊन परवानगी दिलेल्या साइटची यादी बघा आणि ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद तीन टिंबांवरून काढून टाका. नंतर ‘सिस्टिम’ विभागात, क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीला चालू ठेवणारा खटका बंद करा. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधचौकटीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहून तेच करा. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली परमिशन्समध्ये नोटिफिकेशन्ससमोरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये नव्या विनंत्या अडवण्याची खूण करायची असते.

लोक नेमके इथे चुकतात: हे सेटिंग प्रत्येक ब्राउझरला आणि प्रत्येक प्रोफाइलला वेगळं असतं. घरातल्या एकाच लॅपटॉपवर तीन प्रोफाइल असतील तर तीनदा करावं लागतं. दुसरी चूक म्हणजे चौकटीवरूनच ‘क्रोमच्या सगळ्या सूचना बंद’ करणं. त्याने विंडोज गप्प बसतं, पण साइटची परवानगी जिवंत राहते.

फायरफॉक्सने जानेवारी २०२०मध्ये ७२व्या आवृत्तीपासून ही खिडकी आपोआप उघडणं थांबवलं. क्रोमने पुढच्याच महिन्यात ८०व्या आवृत्तीत ‘शांत’ पर्याय आणला आणि २०२४पासून सेफ्टी चेक फसव्या वाटणाऱ्या साइटची परवानगी स्वतःहून काढून घेतो. हे स्वागतार्ह आहे, पण पुरेसं नाही. बातम्यांच्या साइटला माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात येऊन बोलायचं काही कारण नाही, आणि हा खटका नव्या ब्राउझरमध्ये मुळातच बंद असायला हवा.

पाचव्या महिन्यातली भर

सुरुवातीला माझा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. काय अडवायचं ते सांगणाऱ्या लाइटच्या याद्या एक्सटेन्शनचं अपडेट आलं तरच बदलतात. मूळ ओरिजिन त्या स्वतः उतरवून घेत असे. खोट्या स्कॅनची पानं रोज नवा पत्ता घेतात, त्यामुळे लाइट इथे सपशेल हरेल असा माझा अंदाज होता. तो चुकला. शेवटचं फसवं पान रोज बदलतं, पण त्याकडे ढकलणारी जाहिरात-जाळ्याची स्क्रिप्ट तितक्या वेगाने बदलत नाही, आणि लाइट ती अडवतं. साखळीतली पहिली कडी तुटली की पुढचं पान येतच नाही. रोजच्या वापराला लाइट पुरतं, हे आता मान्य.

पण क्रिकेटचं फुकट प्रक्षेपण आणि सिनेमा उतरवण्याच्या साइटसाठी नाही. तिथे मुळात जाऊच नये, हे खरं. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात अशाच बेकायदा प्रक्षेपणाच्या साइटवरच्या जाहिरातींतून जगभरातल्या जवळपास १० लाख उपकरणांपर्यंत मालवेअर पोचल्याचं नोंदवलं होतं. तरी घरात कोणी जातच असेल तर त्याला फायरफॉक्स आणि मूळ यूब्लॉक ओरिजिन द्या. त्यात त्या साइटपुरते सगळे पॉप-अप बंद करायचं एक बटण आणि जावास्क्रिप्ट बंद करायचं दुसरं, अशी दोन्ही बटणं समोरच असतात. लाइटमध्ये पॉप-अपचं ते बटण नाही.

‘आम्ही चांगल्याच साइट बघतो’ हा बचावही टिकत नाही. सप्टेंबर २००९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर खोट्या अँटिव्हायरसची जाहिरात झळकली होती. ती देणाऱ्याने व्होनेज या दूरध्वनी कंपनीचं सोंग घेतलं होतं. साइटचा मालक आणि जाहिरातदार यांच्यामध्ये दलालांची लांब साखळी असते आणि जागेचा लिलाव पान उघडताना क्षणार्धात होतो. शिवाय फसवी जाहिरात सगळ्यांना दिसत नाही. ती मोबाइल आहे का, पहिलीच भेट आहे का, कोणत्या भागातून आलात, हे बघूनच उघडते. म्हणून पान पुन्हा उघडून दाखवायला जावं तर काही घडत नाही, आणि साइटवाले म्हणतात, ‘आमच्याकडे तर दिसत नाही.’

पूर्ण पडदा व्यापणारं, भोंगा वाजवणारं ‘विंडोज डिफेंडर अलर्ट’ आलं तर: एस्केप दाबून धरा, पूर्ण पडदा सुटतो. नाही सुटला तर ऑल्ट आणि एफ४. तेही नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरचं काम संपवा. पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर’ विचारलं तर नको म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर आहे म्हणजे पलीकडे फसवणारं कॉल सेंटर आहे. अशी केंद्रं आपल्या देशातही आहेत. सीबीआयने ऑक्टोबर २०२३मध्ये ऑपरेशन चक्र-२मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून छापे घातले होते.

सगळ्यात घातक प्रकार २०२४पासून फैलावलेला आहे आणि त्यात एक्सटेन्शनचा भरवसा धरू नका. खोटा कॅप्चा (‘तुम्ही रोबोट नाही’ची चाचणी) सांगतो: विंडोजची कळ आणि आर दाबा (याने आज्ञा चालवायची ‘रन’ ही खिडकी उघडते), मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. पानाने आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. लुमा स्टीलरसारखे पासवर्ड चोरणारे कार्यक्रम असेच पसरले. कोणत्याही खऱ्या कॅप्चाला ‘रन’ची खिडकी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवा. कोणी ते केलंच असेल तर आधी इंटरनेट तोडा, आणि पासवर्ड त्याच संगणकावरून न बदलता दुसऱ्या उपकरणावरून बदला. ‘सगळीकडून लॉगआउट’ही करा, कारण ब्राउझरने जपलेली लॉगिनची खूण, म्हणजे कुकी, चोरली असेल तर पासवर्डशिवायही आत शिरता येतं.

सफाईसाठी विंडोजसोबतच येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस पुरतो. विंडोज सिक्युरिटीत, अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलखाली रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये नको असलेली अ‍ॅप अडवण्याचे दोन्ही पर्याय चालू आहेत का बघा. शंका दाट असेल तर ऑफलाइन स्कॅन करा: संगणक पुन्हा सुरू होतो, साधारण १५ मिनिटं लागतात, आधी काम जतन करा. ब्राउझरचं मुखपृष्ठ बदललेलं असेल तर मालवेअरबाइट्सचा अ‍ॅडव्क्लीनर एकदा चालवा, तो बसवावाही लागत नाही. घरच्या क्रोममध्ये मेनूच्या तळाशी ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित’ असं दिसलं तर अ‍ॅडवेअरने, म्हणजे जाहिराती दाखवणाऱ्या नको त्या कार्यक्रमाने, पॉलिसी (ब्राउझरवर लादलेला नियम) घुसवलेली असू शकते. अँटिव्हायरसही कधी ती ठेवतो, म्हणून आधी कोणती पॉलिसी आहे ते बघा.

फोनवरच्या क्रोममध्ये एक्सटेन्शन चालत नाही. तिथे अँड्रॉइड ९पासून असलेलं प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते शोधून देणारी सेवा निवडायचं सेटिंग) वापरा आणि होस्टनेम म्हणून ‘डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड हायफन डीएनएस डॉट कॉम’ हे इंग्रजी अक्षरांत भरा. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्समधल्या ‘मोअर’खाली असतं. अ‍ॅपमधल्या जाहिरातीही यात बऱ्याच गळतात. पण स्टेशनवरच्या किंवा हॉटेलच्या वायफायचं लॉगिन पान उघडेनासं होतं. तेवढ्यापुरतं ‘ऑटोमॅटिक’ करा आणि नंतर आठवणीने परत बदला. नोटिफिकेशन्सचा खटका फोनच्या क्रोममध्येही वेगळा बंद करावा लागतो. आयफोनवर ‘व्हायरस’चे इशारे कॅलेंडरमधून येत असतील तर कॅलेंडर अ‍ॅपमध्ये ती अनोळखी वर्गणी शोधून आख्खं कॅलेंडर काढा, एकेक नोंद पुसून काही होत नाही.

कोणी नंबरवर फोन करून पैसे दिलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. एनीडेस्कसारखं दूरून ताबा देणारं अ‍ॅप बसवून घेतलं असेल तर त्याआधी इंटरनेट बंद करा, मग ते अ‍ॅप काढा.

लाइटला पाचपैकी चार. गेलेला एक गुण पॉप-अपच्या त्या बटणासाठी. नोटिफिकेशनच्या खिडकीचा दोष मात्र त्याच्या माथी मारता येत नाही. तो ब्राउझरचा आहे.