‘नाइट’ लावू की ‘डॉन’?

मैत्रीण विचारते, शनिवारी रात्री अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा कुठला ड्राइव्ह-इन (गाडीत बसून उघड्यावर बघायचा) झाँबीपट, म्हणजे चालत्या मुडद्यांचा सिनेमा लावू: १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ की १९७८ चा ‘डॉन ऑफ द डेड’?

पैशांचं बघशील तर ‘नाइट’. ऐनवेळी नाव बदललं आणि कॉपीराइटची ओळच गळाली, म्हणून फुकट नि राजरोस बघता येतो. बनवायलाही जेमतेम १,१४,००० डॉलर लागले. कृष्णधवल असल्याने रक्त म्हणून चॉकलेट सिरप खपून गेलं! ‘डॉन’मधलं रक्त रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं लालभडक, मुडद्यांचे चेहरे निळसर. मला तर हसूच येतं. पण मॉलच्या सरकत्या जिन्यावर धडपडणारे ते मुडदे म्हणजे धमाल. लांबी मात्र दोन तासांच्या वर.

एकटीच आहेस, खरंच घाबरायचंय? ‘नाइट’. चारचौघी, कांदाभजी नि कल्ला असेल तर ‘डॉन’.