वनस्पतिनामांच्या लॅटिनचा रत्नागिरीतील वर्ग : एक अभिप्राय

वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक यांच्यासाठी रत्नागिरीत दर रविवारी सकाळी भरणारा लॅटिनचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. नामाला प्रत्यय लागून विशेषण कसे घडते आणि ते प्रजातीच्या नावात कसे बसते, एवढाच विषय येथे घेतला जातो, पण तो मुळापासून शिकवला जातो.

मराठी माणसाला लॅटिन विशेषणांचे लिंग जड जाऊ नये, हे शिक्षकांनी पहिल्याच तासाला पटवून दिले. मुळ्याच्या नावात 'सटायव्हस', भाताच्या नावात 'सटायव्हा' आणि लसणीच्या नावात 'सटायव्हम' का येते, हे काळा, काळी, काळे म्हणणाऱ्याला वेगळे समजवावे लागत नाही. तिन्हींचा अर्थ 'लागवडीचा' असाच आहे. स्थळवाचक 'एन्सिस' मात्र पुल्लिंगी व स्त्रीलिंगी सारखाच राहतो आणि नपुंसकलिंगी 'एन्से' होतो, म्हणून जास्वंदीच्या नावात 'सायनेन्सिस', तर आपल्या सड्यांवर पावसाळ्याच्या तोंडाशी पांढरी फुले धरणाऱ्या दिपकाडीच्या नावात 'कॉन्कॅनेन्से'. चिंचेच्या 'टॅमरिंडस इंडिका' या नावावर बरीच चर्चा झाली, कारण शेवट 'अस' असूनही विशेषण स्त्रीलिंगी आहे. लॅटिनमध्ये झाडांची नावे परंपरेने स्त्रीलिंगी मानतात, हे त्याचे कारण.

सर्वांत मोलाचा भाग प्रत्ययापूर्वीच्या अंगाचा. खाडीवरून आणलेले कांदळाचे पान प्रत्येकाच्या हातात देऊन शिक्षकांनी त्याच्या टोकाचा ताठ काटा बोटाने चाचपून पाहायला सांगितला. टोकाला लॅटिनमध्ये 'म्यूक्रो' म्हणतात, परंतु 'आटा' हा प्रत्यय षष्ठीच्या 'म्यूक्रोनिस' या रूपातून मिळणाऱ्या 'म्यूक्रोन' या अंगाला लागतो, आणि म्हणून नाव 'रायझोफोरा म्यूक्रोनाटा' होते. ही मेख कळली की अनोळखी नावेही उलगडू लागतात.

'ऑफिसिनॅलिस'मधील 'आलिस' घाईत उरकला गेला, याची खंत वाटते. टिपणांत ग्रीक वळणाचा 'ऑइडीस' लॅटिन प्रत्ययांच्या रांगेत बसवला आहे, तो पुढच्या तुकडीपूर्वी वेगळा काढायला हवा. लॅटिनची पूर्वतयारी लागत नाही. ज्यांना क्षेत्रभेटीत नावे नुसती टिपून न घेता समजून घ्यायची आहेत, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा.