ठाण्याच्या वागळे इस्टेटची उभी शोकेस: संचलनाच्या पोशाखांना कितपत चालेल?

चौकट पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमची, काच लॅमिनेटेड, कुलूप भक्कम. लॅमिनेटेड काचेच्या दोन तावांमधला प्लॅस्टिकचा थर बरेचसे अतिनील किरण अडवतो, त्यामुळे तिथे पैसे वसूल.

खोट आहे ती तळाशी. फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेली, लावली आहे. तिच्यातून आम्लाच्या वाफा सुटतात आणि बंद पेटीत साचल्या की ब्लेझरची पितळी बटणं, फेट्याची जर, सगळं काळवंडतं. सांध्यांतल्या सिलिकॉनलाही व्हिनेगरचा वास आहे, म्हणजे दुखणं तेच. ऑर्डर देतानाच ॲल्युमिनियमची फळी आणि न्यूट्रल क्युअर (वाळताना आम्ल न सोडणारं) सिलिकॉन मागा. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

एलईडी फारच प्रखर. रंगीत कापडाला 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको, उडालेला रंग परत येत नाही. डिमर लावा आणि दिव्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर पेटीबाहेर काढा, नाहीतर आत उष्णता साठते.

ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसाठी वेगळा खण दिलाय, हे मात्र छान. ठाण्याच्या पावसाळ्यात आतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आलीच. जेल आधी 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत मुरवून, म्हणजे कंडिशन करून, भरा. अगदी कोरडं घातलं तर रेशीम ठिसूळ होतं.

सोबतचा पुतळा खांद्यात रुंद आहे. त्यावर ब्लेझर ओढून चढवला तर काखेतली शिवण उसवते. एक साइज लहान पुतळा घ्या, पॉलिएस्टर वॅडिंगने (कापसासारख्या भरावाने) भरा, वर खळ काढून धुतलेलं मांजरपाट शिवा. पेटीतली डांबरगोळ्या ठेवायची जाळी काढूनच टाका, त्या वाफेने काही प्लॅस्टिकचे बिल्ले मऊ पडतात.