मर्सीनची बाटली की लिमोनीनची? टर्पीन बघून गांजा घेण्याआधी

टोरोंटोत नुकत्याच आलेल्या मावसभावाने परवा दुकानातून फोटो पाठवला. गांजाच्या फुलांच्या साडेतीन-साडेतीन ग्रॅमच्या दोन बाटल्या. एकीवर लिहिलेलं मर्सीन आणि लिनालूल, दुसरीवर लिमोनीन आणि कॅरिओफायलीन. खाली प्रश्न, "दादा, झोपेसाठी पहिलीच ना?" काउंटरवरच्या मुलीने त्याला तसं सांगितलं होतं. मी म्हटलं, बाटल्या फिरव आणि मागच्या बाजूचेही फोटो काढ.

पुढचं सगळं कॅनडापुरतं आहे. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे आणि ऑन्टारियोत घेणाऱ्याचं वय किमान १९ लागतं. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली तो गुन्हाच आहे. इथली बाटली बॅगेत टाकून विमानात बसणं हा इथल्या कायद्यानेही गुन्हा, मग ती आईच्या गुडघेदुखीसाठी का नेत असेनात.

टर्पीन म्हणजे वनस्पतीचा वास, आणि तो आपल्या नाकाला नवा नाही. मिसळणाचा डबा उघडा. धण्यात लिनालूल आहे, मिरी-लवंगेत कॅरिओफायलीन. संत्र सोलताना बोटांवर उडतं ते लिमोनीन. मर्सीन जरा मातकट, ओलसर वासाचं. बीअरच्या हॉप्समध्ये भरपूर, गवती चहात थोडं. 'आंबा खाऊन ओढलं की जास्त चढते, कारण आंब्यात मर्सीन' असं इथे छातीठोक सांगतात. पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या लोकांनी हापूसचा वास तपासला, तर त्यात पुढे निघालं ओसिमीन हे दुसरंच टर्पीन. तेव्हा आपल्या हापूसला तरी यातून वगळा.

आता पहिली बाटली. मर्सीनने झोप येते ही समजूत मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आली. तिथे वजनाच्या दर किलोमागे २०० मिलिग्रॅम मर्सीन दिलं होतं. सरळ गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम. मावसभावाच्या बाटलीत मर्सीन १ टक्का, म्हणजे अख्ख्या बाटलीत ३५ मिलिग्रॅम. उंदीर आणि माणूस यांचा हिशेब इतका सरळ नसतो हे मान्य, पण दरी केवढी आहे ते दिसतं.

दुसऱ्या बाटलीची बाजू थोडी बरी. २०२४ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी माणसांवरच प्रयोग केला. टीएचसी म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य; ३० मिलिग्रॅम टीएचसीच्या वाफेबरोबर १५ मिलिग्रॅम लिमोनीन दिल्यावर घाबरं होणं, उगाच संशय येणं कमी झालं. माणसं २० च, त्यातही हे मिश्रण १२ जणांनाच दिलेलं, पण प्रयोग नीट केलेला. मात्र प्रमाण बघा: टीएचसीच्या निम्मं लिमोनीन. बाटलीत टीएचसी १९ टक्के आणि लिमोनीन ०.६ टक्के असेल, तर पाव ग्रॅमच्या सिगरेटीत टीएचसी ४७ मिलिग्रॅमच्या वर आणि लिमोनीन जेमतेम दीड. म्हणजे दुकानातल्या बाटलीकडून त्या प्रयोगाचा परिणाम मागण्यात अर्थ नाही. कॅरिओफायलीनची गोष्ट वेगळी. गांजातली द्रव्यं शरीरात ज्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटून काम करतात, त्यातल्या सीबी-२ ला ते खरोखर चिकटतं, २००८ पासून हे ठाऊक आहे. पण नशा होते ती सीबी-१ मुळे, त्यामुळे चढण्या-उतरण्याशी त्याचा थेट संबंध नाही.

मग 'इंडिका' (म्हणे सुस्ती आणणारा) आणि 'सटायव्हा' (म्हणे तरतरी आणणारा) हे गांजाचे प्रकार बघून घ्यावं का? ते आणखी कच्चं. नोव्हा स्कोशियातल्या डलहौसी विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात या शिक्क्यांचा झाडांच्या जनुकीय नात्याशी मेळ लागला नाही. जुळलं ते मोजक्या टर्पीनांशी, आणि इंडिकाच्या बाजूला त्यात मर्सीन होतं. थोडक्यात, वास मातकट आला की लोक त्याला इंडिका म्हणतात. त्यापेक्षा टर्पीनांची यादी प्रामाणिक. निदान चव काय लागेल ते तरी सांगते.

यादीवरचा माझा भरवसा मात्र मालाच्या प्रकारावर ठरतो. फुलांत टर्पीन झाडाचंच असतं, एकूण बहुधा १ ते ३ टक्के, आणि उडून जाणारं. आधी हलके वास जातात, लिमोनीन-मर्सीनसारखे. मिरीचा वास त्यामानाने टिकतो. वेपच्या, म्हणजे वाफ ओढायच्या यंत्राच्या, कार्ट्रिजमध्ये डिस्टिलेट (शुद्ध केलेला अर्क) असेल तर शुद्ध करताना झाडाचा वास जवळपास सगळा गेलेला असतो आणि टर्पीन वरून घातलेलं असतं, कित्येकदा दुसऱ्याच वनस्पतीचं. अर्क काढून झाल्यावर सरबतात इसेन्स टाकावा तसं. 'लाइव्ह रेझिन' हा अर्क ताजं झाड गोठवून काढतात, त्यात मूळचा वास बराच राहतो आणि पैसेही त्याचेच घेतात. गमीवर, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळीवर, टर्पीनांची नावं दिसली तर सरळ दुर्लक्ष करा. तिथे बघायचे ते मिलिग्रॅम. कॅनडात पाकिटामागे टीएचसी १० मिलिग्रॅमपर्यंतच असतं, तरी नवख्याला अडीच पुरे. परिणाम सुरू व्हायला दोन तासही लागतात. 'काहीच होत नाहीये' म्हणून दुसरी खाल्ली की दोन्ही एकदम येतात. त्या रात्री गाडीला हात लावायचा नाही. घरात कुणाला सायकोसिस (भास-भ्रमांचा मानसिक आजार) झालेला असेल किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टर, मग दुकान.

एव्हाना मागच्या बाजूचे फोटो आले होते. मर्सीनवाली बाटली: टीएचसी २७ टक्के, पॅक केल्याला नऊ महिने. लिमोनीनवाली: १९ टक्के, गेल्या महिन्यातली. दुकानात वासाची डबी होती. बारीक भोकांचं झाकण नाकाशी धरून त्याने पहिलीबद्दल लिहिलं, "सुकलेल्या गवतासारखा." नऊ महिन्यांत लेबलावरची टर्पीनं तिथेच राहिली, बाटलीतली गेली.

घ्यायचीच तर दुसरी घे, म्हटलं. नवख्या माणसाला २७ टक्के म्हणजे झोपेऐवजी छातीची धडधड. टीएचसीने सुरुवातीला झोप लवकर लागते, पण रोजची सवय झाली की परिणाम ओसरतो, आणि सोडल्यावर काही दिवस झोप उडते, विचित्र स्वप्नं पडतात. हे सगळं लिहून पाठवलं.

"पण दादा, संत्र्याच्या वासाने झोप कशी लागेल?" त्याने विचारलं. मी विचारलं, आज कॉफी किती झाल्या. चार, म्हणाला, शेवटची संध्याकाळी सातला. मग दोन्ही बाटल्या काउंटरवरच ठेवून तो बाहेर पडला.